चोवीस मुलं, एक मेंढा आणि मी दुभाषा

जेद्दातून निघालो त्या सकाळी उन्हाळा असा होता की कोळ्यांच्या जाळ्यात तांबड्या समुद्रातला हामूर मासा शिजूनच येत होता, वरून फक्त मीठ भुरभुरायचं. वल्लाह (देवाशपथ), गाडीचं स्टिअरिंग मी बायकोचे भट्टीचे हातमोजे घालून धरलं होतं. एसी लावला तर त्यातून वारा येईना, माफी आली.

मागच्या सीटवरून माझ्या मुलीने, झोयाने, चार बोटं वर केली.

या बोटांचं आधी सांगायला हवं. झोया बारा वर्षांची आहे. मी काही सांगितलं की ती बोटं वर करते. दोन बोटं म्हणजे अब्बांचं बोलणं दोनाने भागा, पाच म्हणजे पाचाने. आमच्या बिल्डिंगमध्ये ही पद्धत सगळ्यांना पाठ आहे. मी जिन्यात गोष्ट सांगायला उभा राहिलो की शेजारी माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, तिच्या हाताकडे बघतात. पूर्वी यावर आम्ही दोघं पोट धरून हसायचो. मागच्या वर्षी दाभोळच्या खाडीकाठी आमच्या गावी माझी आई आजारी पडली. झोया रोज विचारायची आणि मी रोज सांगायचो, “दादी ठणठणीत आहे, काल तर नारळावर चढली.” पाचव्या दिवशी गावाहून फोन आला. झोया रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “अब्बा, नारळावर नक्की कधी चढली होती?” तेव्हापासून बोटं वर येतात, पण हसू येत नाही.

तर आम्ही निघालो होतो असीरच्या डोंगरात, खमीस मुशैतच्याही पलीकडे, मुलांच्या उन्हाळी शिबिराला. झोयाच्या वर्गातली एक मुलगी आदल्या वर्षी जाऊन आली होती. तिने सांगितलं होतं की तिथे टीव्ही नाही, फोन नाही, पंखासुद्धा नाही, आणि रोज सकाळी सगळे मिळून काहीही न बोलता बसतात. झोयाला तेच आवडलं. काहीही न बोलता बसणारी माणसं! आमच्या घरात तिने असा प्राणी पाहिलाच नव्हता. अट एवढीच होती की गाडी घेऊन येणाऱ्या पालकाने दहा दिवस राहून काम करायचं. मी सव्वीस वर्षं बंदरावर क्लिअरिंगचं काम करतोय, अरबी माझ्या तोंडात खडीसाखरेसारखी विरघळते, आणि माझी बिर्याणी खाऊन कस्टमच्या एका साहेबाने रजा रद्द केली होती. (तीन बोटं.) मला वाटलं, आचारी म्हणून माझी वर्णी लागली.

समुद्राच्या कडेकडेने सपाट रस्ता संपतच नाही. उजवीकडे पाणी, डावीकडे वाळू, मध्ये पेट्रोल पंपावरचा कडक चहा. दुपारनंतर मुहाईलच्या पुढे घाट लागला. आमच्या कुंभार्ली घाटाला मी आजवर घाट म्हणत आलो याची मला लाज वाटली. बोगद्यामागून बोगदे, वळणामागून वळणं. एका वळणावर तर मला माझ्याच गाडीची नंबरप्लेट पुढे दिसली. वर पोचताच माकडांची टोळी आडवी आली. ही आपली लाजरी वानरं नव्हेत. मानेवर आयाळ, तोंड कुत्र्यासारखं, चालणं पोलिसपाटलासारखं. झोयाने खिडकी चार बोटं उघडली तेवढ्यात एकाने हात घालून खजुराचं पाकीट उचललं, बोनेटवर बसून एकेक खजूर खाल्ला आणि बिया माझ्या काचेवर थुंकल्या. ही गोष्ट जशीच्या तशी खरी आहे. झोयाने तेव्हा एकही बोट वर केलं नाही, पण ते घाबरल्यामुळे असावं.

मग एकदम धुकं आलं. जुलै महिन्यात, सौदी अरेबियात, मी गाडीचा हीटर लावला! शिबिराची जागा म्हणजे डोंगराच्या कुशीतली एक इस्तिराहा (भाड्याने मिळणारी शेतावरची वाडी). पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांना धरून ठेवणाऱ्या दगडी ताली (बांध), एक विहीर, आणि चहूकडे अरअरची झाडं. हे झाड दिसायला सुरूसारखं, पण फांदी मोडली तर नुकत्या टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास येतो. अख्खा डोंगर पहिल्या दिवशीच्या शाळेसारखा वास मारत होता.

तंबूंमधून एक साठीची बाई पुढे आली. सुती साडीवर स्वेटर, हातात कुदळ.

“मी सुलभा. तू युसूफ ना?”

मी इकडेतिकडे पाहिलं. मला तू? मी अदबीने म्हटलं, “सुलभाताई, तुम्ही...”

“नुसतं सुलभा. इथे ताई नाही, सर नाही, चाचा नाही. मुलंही तुला युसूफच म्हणतील.”

आणि खरोखर, रास अल खैरहून आलेली आठ वर्षांची सानिका, जिचे वडील तिथल्या पाणी गोडं करायच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, माझ्याकडे बघून म्हणाली, “ए युसूफ, तुझी पोटाची पिशवी केवढी आहे रे!” आमच्या गावी एवढ्या बोलण्यावर सोयरीक मोडते. इथे ती वही काढून माझं नाव कामाच्या यादीत लिहीत होती. पहिला दिवस: संडास धुणे. दुसरा: कांदे. आचारी कुठे लिहिलेलाच नव्हता. स्वयंपाक मुलंच करत होती.

सुलभाची हकिगत तिच्याकडूनच कळली. वडील नर्मदेकाठी क्वेकर लोकांच्या शेतावर कामाला होते, तिथेच ती वाढली, मग लग्न होऊन नाशिकला आली आणि नवऱ्याच्या नोकरीमागे इथे खमीसला. हे क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक लहानसा पंथ. त्यांच्यात पाद्री नसतो, प्रवचन नसतं. सगळे गोल बसतात, गप्प राहतात, आतून अगदीच वाटलं तर एखादा उठून दोन वाक्यं बोलतो आणि बसतो. कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही. भांडणात हात उगारायचा नाही. आणि काही ठरवताना हात वर करून मोजणी करायची नाही. सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं.

“मी इथे कुणाचा धर्म शिकवत नाही,” ती म्हणाली. “नमाजाची वेळ झाली की नमाज पढणारी मुलं चटया घेऊन जातात, सानिका झोपताना तिची रामरक्षा म्हणते. मी फक्त राहायची रीत उचलली.”

“वल्लाह, फार सुंदर!” मी म्हटलं.

“आणि शपथ घ्यायची नाही, युसूफ.”

“का?”

“एरवी खरं बोलणाऱ्याला शपथ कशाला लागते?”

माझ्या मागे कुणीतरी हसलं. वर्षभराने ऐकलं, तरी ओळखलं. ते झोयाचं हसू होतं, आणि ते माझ्यावर होतं. तरी मला ते गोड वाटलं.

दुसऱ्या सकाळी अरअरखाली दगडांवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा वीस मिनिटं गप्प राहिलो. पहिल्या चार मिनिटांत माझ्या डोक्यात सतरा गोष्टी सुचल्या आणि त्या घशापाशी येऊन एकमेकींना ढकलू लागल्या. दहाव्या मिनिटाला कान वाजू लागले. पंधराव्या मिनिटाला मात्र विहिरीवरच्या कप्पीचा आवाज, मग त्याच्यामागचा पाण्याचा, मग दूरच्या बकऱ्यांच्या घंटेचा, असे एकामागून एक आवाज यायला लागले. हे सगळं आधीपासून वाजतच होतं, माझ्या आवाजाखाली दबलं होतं. वीस मिनिटं संपल्यावर सुलभाने शेजारच्याशी हात मिळवला, त्याने पुढच्याशी. माझ्या शेजारी झोया होती. तिने हात दिला, पण बघितलं दुसरीकडे.

जमीन होती अबू साद नावाच्या म्हाताऱ्याची. कानामागे रेहानची (आपल्या सब्जाची) हिरवी काडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, वय विचारलं तर हसतो. सुलभाची अरबी भाजीबाजारापुरती, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. अखेर माझ्या जोगतं काम!

पहिल्याच दिवशी अबू साद म्हणाला, “तालीवर चढू नका, दगड सुटे आहेत.” मी मुलांना सांगितलं, “अबू साद म्हणतात, ही ताल त्यांच्या पणजोबांनी वाघाच्या पाठीवरून दगड वाहून बांधली, तिच्यावर पाय ठेवणाऱ्याचे गुडघे उलटे फिरतात!”

झोया शाळेत अरबी शिकते. तिने दोन्ही हातांची दहा बोटं वर केली. अबू साद तिच्याकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, “ही काय मोजते?” मी म्हटलं, “प्रार्थना करते.” तिने तेही ऐकलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मी सांगितलं तर कुणी मानणार नाही, आणि यात माझा दोष नाही. मुलांनी अबू सादकडून सुट्या दगडांची ताल रचायला शिकून घेतली. सिमेंट नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. जेद्दात घरी पाण्याचा ग्लास उचलून न ठेवणारी मुलं तव्यावरून खुब्ज (अरबी रोटी) उलटत होती. दोन मुलांची बादलीवरून मारामारी झाली. सुलभा कुणावर ओरडली नाही. दोघांना बादलीच्या दोन बाजूंना बसवलं आणि बोलणं सुचेपर्यंत बसा म्हणाली. अर्ध्या तासाने दोघंही हसून लोळत होते. बंदरावर माझ्या साहेबाला ही युक्ती सांगावी असं फार मनात आलं.

आणि एक मेंढा होता. काळं तोंड, पांढरं अंग, स्वयंपाकाच्या छपरापाशी बांधलेला. पहिल्याच दिवशी त्याने वीस रोट्यांची चळत फस्त केली, म्हणून मुलांनी त्याचं नावच खुब्ज ठेवलं. झोया त्याला रोज सकाळी चारा घालायची, त्याच्या कानात काहीतरी सांगायची. माझ्याशी ती दिवसात दहा शब्द बोलायची आणि त्याच्याशी हजार. मला त्या मेंढ्याचा हेवा वाटू लागला होता.

सातव्या दिवशी, बुधवारी, अबू साद आला आणि मेंढ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “शुक्रवारी नमाजानंतर. तुमच्यासाठीच पोसला आहे. तुम्ही माझे पाहुणे.”

माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की एखादं धरण भरलं असतं. अबू सादने घरचा मेंढा कापणं म्हणजे केवढा मान! मी लगेच मोठ्या आवाजात भाषांतर केलं, पातेल्याचा आकार हातांनी दाखवला, मसाल्याची यादी सांगितली. मुलं ओरडली, नाचली. सानिका म्हणाली, “मी नाही खात, मी वरण खाईन, पण तुम्ही खा.” तिच्यासारखे आणखी चौघं होते.

तेवढ्यात झोया म्हणाली, “नको.”

“काय नको?”

“खुब्ज नको.”

“अगं, येताना रस्त्यात दोन प्लेट कबाब खाल्लेस ना तू!”

“त्याला मी ओळखत नव्हते.”

आता घरी असतो तर मी म्हटलं असतं, चल, जा, खेळ. पण इथे एकाला पटलं नाही तर सगळे थांबतात. संध्याकाळी चोवीस मुलं आणि आम्ही पाच मोठे दगडांवर गोल बसलो. सुलभाच्या कपाळावर मी पहिल्यांदा आठी पाहिली. बसण्याआधी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “या म्हाताऱ्याने चार वर्षं आपल्याला जागा दिली. एवढ्या पोरांचा गलका दुसरं कुणी सहन करणार नाही. त्याचा मेंढा नाकारला आणि त्याला लागलं, तर हे शिबिर इथेच संपलं.”

“मग मुलीला समजाव ना! तेवीस एका बाजूला आहेत.”

“मोजणी नाही, युसूफ.”

मुलं एकेक करून बोलली. एकाने म्हटलं, बाजारातून आणलेलं मटण चालतं तर हे का नाही. दुसऱ्याने म्हटलं, अबू सादला वाईट वाटेल. झोया म्हणाली, “मला सगळं कळतं. कापणं चूक आहे असं मी म्हणतच नाही. पण मी रोज त्याला सांगायचे की घाबरू नकोस. ते खोटं ठरेल.”

मी खाली बघितलं. नारळ आणि दादी मला त्या क्षणी तिथे दगडावर बसलेली दिसली.

पण जित्याची खोड! मी उठलो. “सोपं आहे. मी अबू सादला सांगतो की मेंढ्याला ताप आहे. डॉक्टरने चाळीस दिवस...”

झोयाने बोटंही वर केली नाहीत. हात मांडीवर तसेच. ते बोटांपेक्षा वाईट होतं. मी खाली बसलो.

त्या संध्याकाळी जमलं नाही. गुरुवारी सकाळी पुन्हा बसलो. खूप वेळ गेल्यावर सानिका उठली. “आपण आपसातच बोलतोय. मेंढा त्याचा आहे. त्यालाच जाऊन खरं ते सांगू या ना. मग तो म्हणेल ते.” आणि बसली. कुणी टाळी वाजवली नाही, पण मला जाणवलं, तंबूची दोरी सैल व्हावी तसं सगळं वर्तुळ सैल झालं. झोयाने मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली. तिने आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“मला एवढं अरबी बोलता येणार नाही. मी बोलेन ते तू त्यांना सांग. शब्दाला शब्द. जास्त नाही आणि कमी नाही. करशील, युसूफ?”

स्वतःच्या मुलीने नावाने हाक मारली तर बाप रागावतो म्हणतात. मला तर नोकरीवर पुन्हा घेतल्यासारखं वाटलं.

अबू सादच्या मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) आम्ही सगळे भिंतीला टेकून बसलो. त्याने कहवा (अरबी कॉफी) ओतला. झोया बोलू लागली आणि मी अरबीत सांगू लागलो. सव्वीस वर्षं मी कंटेनरचे कंटेनर सोडवले आहेत, पण इतकं जड ओझं मी कधी उचललं नव्हतं. प्रत्येक वाक्याला माझी जीभ साखर घालायला धावत होती. ती म्हणाली, “तुम्ही आमचा मान ठेवला.” मी तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, “पण आम्ही त्याला नाव दिलं, आणि आता मला तो कापलेला नको आहे.” मी तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला हे आवडणार नाही हे मला माहीत आहे.” इथे मला घाम फुटला. हे वाक्य गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं? फक्त झोयाला. मी तेही सांगितलं.

अबू सादचा चेहरा दगडासारखा झाला. “म्हणजे माझ्या पाहुण्यांनी माझ्या जमिनीवर डाळ खाल्ली, असं गाव म्हणणार.” मी भाषांतर केलं. त्याने मला विचारलं, “नको कोण म्हणतंय?”

झोयाने हात वर केला.

“एकटी?”

“एकटीच.”

“आणि तुम्ही तेवीस जण एका मुलीला हरवू शकला नाहीत?”

हे मी मुलांना सांगितलं, तशी सानिका पटकन म्हणाली, “आम्ही हरवत नाही. आम्ही थांबतो.”

मी शब्दाला शब्द सांगितलं. अबू साद कहव्याच्या कपाकडे बघत बसला. एरवी अशा शांततेत मी काहीतरी बोलून भोक पाडलं असतं. पण मी आता शिकलेला माणूस होतो. चोवीस मुलंही बसून राहिली, कुणी चुळबुळलं नाही. किती वेळ गेला सांगत नाही, कारण मी सांगितलं तर तुम्ही भागाल.

मग तो हळू आवाजात म्हणाला, “माझे आजोबा याच खोलीत पाण्याचे तंटे मिटवायचे. एकाने जरी नाही म्हटलं तरी कुणी उठायचं नाही. कहवा गार व्हायचा, पुन्हा करायचा. मी लहान होतो, कंटाळून झोपायचो. आता तसं कुणी बसत नाही. सगळे घाईत असतात.” त्याने झोयाकडे पाहिलं. “दिलेली भेट मी परत घेत नाही. मेंढा तुमचा. माझ्या कळपात राहील, माझं गवत खाईल. पुढच्या उन्हाळ्यात येऊन बघा. पण माझ्या घरून उपाशी कुणी जाणार नाही. शुक्रवारी इथे यायचं. खलास (ठरलं, संपलं).”

मी भाषांतर करताना माझा आवाज फाटला. तेवढी एक भर माझ्या पदरची, बाकी सगळं त्याचंच.

शुक्रवारी त्याच्या घरून अरीका आला. गव्हाची गरम रोटी कुस्करून लाकडी परातीत थापतात, मधोमध खळगा करून त्यात तूप आणि बोरीच्या फुलांचा मध ओततात, कडेने खजूर लावतात. चोवीस मुलं एकाच परातीतून खात होती आणि बाहेर खुब्ज, पाठीवर ‘हा कापायचा नाही’ अशा खुणेचा मेंदीचा ठसा मिरवत, आमची उरलेली रोटी खात होता. निघताना अबू सादने मला बाजूला घेतलं. “तुझी मुलगी प्रार्थना करत नव्हती. तिच्या बोटांचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला. माझेही वडील तुझ्यासारखेच होते.”

परतीच्या वाटेवर घाटात माकडं आडवी आली नाहीत. खाली उतरलो तसा हीटर बंद झाला, मग स्वेटर उतरले, मग हातमोजे आले. जेद्दा जवळ आलं तेव्हा झोया पुढच्या सीटवर येऊन बसली होती. “दादी शेवटी काय म्हणाली होती?” तिने विचारलं. मी एक वर्ष ज्याची गोष्ट करून टाळत होतो ते मी तिला सांगितलं. ते साधंच होतं, चार वाक्यांचं. ती खिडकीबाहेर समुद्राकडे बघत ऐकत होती.

पुढच्या शुक्रवारी चहाला शेजारी जमले. मी मेंढ्याची सगळी गोष्ट सांगितली. माणसं आधीपासूनच हसत होती. “एका पोरीसाठी तेवीस पोरं दोन दिवस थांबली? आणि त्या म्हाताऱ्याने मेंढा सोडला? युसूफभाई, या वेळी फारच लांब फेकलंत!” मी शपथ घेतली नाही. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी झोयाच्या हाताकडे पाहिलं.

तिने एक बोट वर केलं.

“एकच?” शेजारचे काका गोंधळले. “एकाने भागायचं? मग कमी काय झालं?”

“काहीच नाही,” झोया म्हणाली आणि बशीतलं बिस्किट उचललं.

लोक परदेशातून अत्तर आणतात, सोनं आणतात. मी त्या डोंगरातून एक बोट घेऊन आलो. आता गोष्टी सांगणं मी सोडलंय असं समजू नका. कालच तिला सांगितलं की आपल्या लिफ्टमध्ये कुणाचा तरी उंट अडकलाय. तिने पाच बोटं वर केली, आणि हसली.